चार दिवस, सहा खाड्या आणि पाऊणकी

दिवस पहिला. फाल्गुन शुद्ध द्वादशी, भरती नऊ वाजता

आजोबांनी माझ्याकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेतली तेव्हा मी चौथीत होते. तिचा उपयोग कळायला तिशी उलटावी लागली. तिथीला पाऊणने गुणायचं, की कोकणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती किती वाजता ते निघतं. बारा पाऊण नऊ, म्हणून द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजायचं. मोबाइलवर भरतीचं ॲप आहेच, ते दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे सांगतं. माझा भरवसा आजोबांवर जास्त.

हा प्रवास माझा नव्हता, मैत्रिणीचा होता. ती एका संस्थेसाठी किनाऱ्यावरच्या गावांचे आपत्ती आराखडे करते: वादळ आलं तर कुठे जायचं, बोटी कुठे लावायच्या, खारं पाणी शिरलं तर कोणी काय करायचं. तिला धरमतरपासून आंजर्ल्यापर्यंत सहा खाड्यांच्या काठची माणसं भेटायची होती. बँकेत माझी रजा शिल्लक होती. गाडी माझी, डिझेल तिचं, आणि मागच्या सीटवर नकाशांची भलीमोठी गुंडाळी. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीत चढलो आणि तासाभरात मांडव्याला उतरलो.

अलिबागला न थांबता थेट पोयनाडच्या पुढे खारेपाटात गेलो. शहापूर-धेरंडचा हा भाग पर्यटकांच्या गावीही नसतो. इथली जमीन समुद्रसपाटीला टेकलेली, काही ठिकाणी उधाणाच्या पातळीखालीच. खाडी आणि शेत यांच्यामध्ये उभा आहे तो मातीचा बांध. शेतात हिरवं काही नव्हतं, मार्च महिना. भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर मिठाची पांढरी साय.

ज्या काकांकडे गेलो ते चहा व्हायच्या आधीच आम्हाला बांधावर घेऊन गेले. त्यांनी आधी उघाडी दाखवली. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून काढलेली मोरी, आणि खाडीच्या अंगाला तिच्या तोंडाशी लोंबती झडप. भरती आली की पाणीच झडप दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. आम्ही पोचलो तेव्हा खाडी उतरायला लागली होती. झडप बोटभर उघडली, तिच्या कडेने काळपट पाण्याची चिंधीसारखी धार सुटली. तिथेच अडकलेल्या फांद्या काकांनी पायाने बाजूला केल्या. "हा एक काटकी अडकला तरी झडप मिटत नाय," ते म्हणाले. "मंग रातचे भरतीला सगला गाव खारा."

बांधाला भोक पडलं की इकडे म्हणतात खांड गेली. खांड सुरुवातीला हातभर असते. दोन उधाणांत तिच्यातून होडी जाईल एवढी होते. "खारा पानी एकदा आत शिरला का तीन वरसा भात नाय." पावसाने मीठ धुऊन निघायला तेवढा वेळ लागतो. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण थोडाफार खार सोसतात, पण सोसायलाही मर्यादा आहेच.

मग जोळ निघाला. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पूर्वी बांध गावकीचा असे. खारीत ज्याचं शेत, त्याच्या घरचा एक माणूस बांधावर, हा जोळाचा नियम. खांड गेली की हाळी द्यायची, कोणाच्या शेतासमोर गेली ते विचारायचं नाही. चिखल काढायचा, पेंढ्याबरोबर थापायचा, पुढच्या भरतीच्या आत. काका वडिलांबरोबर गेलेले आहेत. मुंबई राज्यात १९४८ साली खार जमिनींचा कायदा झाला, महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा वेगळा कायदा केला, आणि बांध सरकारच्या यादीत गेले. दगडी पिचिंग आलं, सिमेंटच्या उघाड्या आल्या. हे चांगलंच झालं, काकाही तसंच म्हणतात. फक्त आता खांड गेली की हाळी द्यायच्या ऐवजी अर्ज द्यायचा, आणि भरती काही अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत थांबत नाही.

याच मुलखात, चरीच्या आसपास, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला होता, सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. एवढी एकी जिथे होती तिथे जोळ कसा मोडला, असं मी विचारलं. काकांनी हाताने खोपोलीकडे, मुंबईकडे, सगळीकडे दाखवलं. पोरं नोकरीला आहेत. बांधावर यायला आता घरात आहे कोण?

खरी गाठ पुढे होती. एका जुन्या खांडीच्या आत तीन-चार एकरांवर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, माजली होती, छातीएवढी, हिरवीगार. मैत्रीण खूश झाली. कांदळवन म्हणजे लाटांचा जोर मारणारी भिंत, तिच्या आराखड्यात ते सगळीकडे लावायचंच असतं. काका काही बोलेनात. मग म्हणाले, "बाय, ही माजी जमीन. सातबारा माजा. बांद फुटला तवा शेत होता, आता जंगल झाला." २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली सगळी कांदळवनं वन म्हणून जपायचा निकाल दिला, भोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. मुंबई-नवी मुंबईत भराव टाकणाऱ्यांना चाप बसायला तो हवाच होता. पण इथे बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही म्हणून शेतात तिवर उगवलं, आणि तिवर उगवलं म्हणून आता बांध दुरुस्त करणं अवघड झालं. मैत्रीण वहीत लिहीत होती, ती थांबली. तिने मला हळूच विचारलं, "ह्याला हिरव्या रंगात दाखवू का लाल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते दोन्ही रंग लागतील, आणि ज्या टेबलावर हा नकाशा जाईल तिथे वनखातं, खारभूमीवाले आणि काका एकाच वेळी बसलेले हवेत. आजवर ते तिघे एका बाकावर बसलेले काकांनी तरी पाहिलेले नाहीत.

जेवायला तळ्यातला जिताडा होता. पावसाच्या तोंडाशी खाडीतून त्याची पिल्लं धरतात आणि शेततळ्यात वाढवतात. पाहुण्यासाठी तळ्यात जाळं पडलं म्हणजे पाहुण्याने स्वतःला थोर समजायला हरकत नाही. काकींनी वाढलेल्या तुकडीवर मी आराखडे, कायदे, सगळं विसरले.

दिवस दुसरा. त्रयोदशी, भरती पावणेदहा

रात्री रेवदंड्याला मुक्काम केला. सकाळी कुंडलिकेचा पूल ओलांडून मुरूड, जंजिरा डाव्या-उजव्या हाताला लपतछपत, मग आगरदांड्याहून फेरीबोटीने राजपुरीची खाडी पार करून दिघी. दुपारच्या जेवणाला दिवेआगरला आत्याच्या दारात.

आत्याची वाडी सात गुंठ्यांची. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ याच पट्ट्यात जमिनीवर चढलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आत्या त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाही. आज मैत्रिणीने नीट विचारलं म्हणून बोलली. "आधी एका अंगाने वारा. मग मधेच सगळं गप्प. मला वाटलं संपलं, म्हणून चूल पेटवली. तर दुसऱ्या अंगाने आला. जे पहिल्या वाऱ्याने वाकलं होतं ते दुसऱ्याने मोडलं."

माडाच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या आधाराने मिरी, खाली जायफळ, केळी. आगरातली वाडी अशी एकावर एक रचलेली असते. माड पडले की बाकीचे पत्त्यांसारखे गेले. ज्या पोफळी उभ्या राहिल्या त्यांची सावली गेली, मग त्या उन्हाने करपल्या. नवी पोफळ फळायला सहा-सात वर्षं लागतात. श्रीवर्धनी रोठ्याचं नाव ज्या सुपारीमुळे झालं तिचं हे गणित. मदत आधी हेक्टरी पन्नास हजार ठरली. हेक्टरचे गुंठे शंभर, म्हणजे गुंठ्याला पाचशे. आत्याच्या वाट्याला साडेतीन हजार. इकडच्या वाड्या हेक्टरात कोणी मोजत नाही हे लोकांनी ओरडून सांगितल्यावर झाडामागे दर आला, माडाला अडीचशे आणि पोफळीला पन्नास. "पन्नास रुपयांत वरून सुपारी काढणारासुद्धा चढत नाही गं," आत्या म्हणाली, आणि उठून ताक आणायला गेली.

मला त्या दिवसांतलं वेगळंच काही आवडतं, आणि ते आत्याकडूनच ऐकलं. दोन्ही बाजूंनी गडगे आणि मधून जेमतेम गाडी जाईल अशी पाखाडी, ती आडव्या खोडांनी भरून गेली होती. वीज नाही, फोन नाही, घाटावरून कटर घेऊन पोरं येईपर्यंत कोण थांबणार? पाखाडीच्या दोन्ही टोकांनी लोकांनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन तोडायला सुरुवात केली. ज्यांची आपसात हद्दीवरून कोर्टात केस चालू आहे, ते दोघेही त्यात होते. तिसऱ्या दिवशी दोन्ही टोळ्या आत्याच्या बेड्यासमोर, म्हणजे अंगणाच्या फाटकासमोर, भेटल्या. आत्याने सगळ्यांना कोरा चहा दिला, दूध कुठलं असायला.

केस अजून चालू आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. सुरूचं बन पुन्हा लावलंय, रांगेत, शाळेतल्या पोरांसारखं. सुरूची मुळं उथळ, निसर्ग वादळात तेच आधी झोपले होते. मैत्रिणीच्या मनात पुढे वाळूवर मर्यादवेल, मागे उंडी-केवडा असं काहीतरी आहे. आत्या म्हणाली, केवड्यात साप येतात. वहीत तेही लिहिलं गेलं.

दिवस तिसरा. चतुर्दशी, भरती साडेदहा

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडला. इथे सावित्री समुद्राला मिळते. खाडीच्या या काठाला रायगड जिल्हा, पलीकडच्या वेसवी-बाणकोटला रत्नागिरी. फेरीबोट भरायला वेळ होता म्हणून मैत्रिणीने बॉनेटवर नकाशे पसरले. रायगडच्या कागदावर खाडीच्या मध्यावर एक तुटक रेघ, आणि तिच्या पुढे कोरं. रत्नागिरीचा कागद काढला, तर त्याच्यावर उत्तरेला तीच रेघ आणि तसंच कोरं. एका कागदाला पलीकडचा काठ ठाऊक नाही, दुसऱ्याला अलीकडचा. निसर्ग वादळाने मात्र श्रीवर्धनला झोडपलं तसंच मंडणगड-दापोलीलाही.

तिकीट फाडणारा पोरगा वाकून बघत होता. "आमची बोट कुठाय यात?" त्याने विचारलं. ती कुठेच नव्हती. रेघेवरून दिवसभर ये-जा करणारी वस्तू कुठल्या कागदावर दाखवायची? मैत्रीण आधी हसली, मग गंभीर झाली. ट्रक, रुग्णवाहिका, जनरेटर, शंभर माणसं एका खेपेत पलीकडे नेणारं साधन, आणि तिच्या दोन्ही आराखड्यांतून ते गळलेलं. तिने पेन काढून दोन्ही कागदांवर बोट काढली. पोरगा म्हणाला, "नांगर इथे नको दाखवू मॅडम, वारा सुटल्यावर आम्ही वर नेतो, आत. तिथे डोंगराचा आडोसा आहे." त्याने बोट ठेवलं तिथे कागद कोराच होता.

वेळासला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. इथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांचं काम उभं केलं. पूर्वी अंडी विकली जायची, आता गावातली घरं कासव बघायला येणाऱ्यांना जेवू घालतात. ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्लं निघायला दीडेक महिना ते दोन महिने. वाळू किती तापली यावर नर का मादी हे ठरतं. वाळू जास्त तापली की माद्याच माद्या. हॅचरीवर टाकलेल्या सावलीच्या कापडाकडे मी याआधी लक्षच दिलं नव्हतं.

संध्याकाळी टोपली उघडली. अकरा पिल्लं. त्यांतलं एक उलटं पडून वल्ही मारत राहिलं, राखणदाराने ते सुलटं केलं नाही. "त्याला जमेल," म्हणाला. जमलं.

पिल्लं गेल्यावर गप्पा रंगल्या. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग लावला, तिचं नाव प्रथमा. पण राखणदाराची आवडती गोष्ट गुहागरची. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर पत्रा सापडला, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्वेचं कासव लंकेला वळसा घालून कोकणात. "आम्ही म्हणत होतो आमची कासवं आणि त्यांची कासवं वेगळी," तो म्हणाला. मैत्रिणीने लगेच हिशोब जोडला. २०१८ मध्ये हरित हवामान निधीने भारताच्या किनारी गावांसाठी जो चार कोटी चौतीस लाख डॉलरचा प्रकल्प मंजूर केला त्यात आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र एकत्र आहेत: कांदळवन, खेकडा-कालवांची शेती, किनाऱ्यावरच्या माणसांची कमाई. कागदावर ओडिशाशी नातं जुळलं आहे. बागमांडला-वेसवीचं मात्र आज दुपारी पेनने जुळवावं लागलं. हे मी बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तू गाडी चालव."

दिवस चौथा. पौर्णिमा, भरती सव्वाअकरा

भारजा नदी ओलांडून केळशी. खाडीच्या तोंडाशी वाळूची उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अभ्यास केला आणि ही वाळू त्सुनामीने आणून टाकली असं मांडलं. चढताना पाय घोट्यापर्यंत रुततो. वर उभं राहिलं की गाव, माड, खाडी सगळं एका नजरेत. इतिहासात डोकं घालायला वेळ नव्हता, हर्णैला तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, वाट बघत होते.

वाटेत आंजर्ल्याची खाडी लागली. पूर्ण भरती होती, पाणी रस्त्याच्या कठड्याशी टेकलेलं. हर्णै हे मासळीचं मोठं बंदर, पण उघड्या समुद्रावर. वादळाची बातमी आली की होड्या आडोशाला आंजर्ल्याच्या खाडीत येतात, काही जयगडला जातात. अडचण तोंडाशी. वाळू आणि गाळाने तोंड उथळ झालंय, आत यायची वाट अरुंद, आणि ती दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. ओहोटीला घुसलात तर होडी आपटलीच.

तांडेल साठीच्या पुढचे. त्यांनी जाळं शिवत शिवतच बोलायला सुरुवात केली. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने भरकटलेल्या अडुसष्ट होड्या देवगडला लागल्या होत्या, बहुतेक केरळच्या, दोनेक तमिळनाडूच्या. त्यांच्यावर नऊशे बावन्न माणसं. "माझा मेव्हणा तिथे होता. भाषा कोणाला येते? पण भात आणि मासळीला भाषा लागत नाही. देवगडचं बंदर खोल, आत आले म्हणून वाचले. इथे आले असते तर?" त्यांनी जाळ्यावरून मान वर केली. "आमची वाट आम्हाला ठाऊक. केरळवाल्याला कोण सांगणार? आणि उद्या आम्हीच भरकटून मंगळूरला गेलो, तर तिथली वाट आम्हाला कोण सांगणार?"

मैत्रिणीच्या आराखड्यात गावनिहाय रकाने होते. तांडेलांनी ते उलटेच करून टाकले: रकाना गावाचा नको, आडोशाचा पाहिजे. ह्या खाडीत किती होड्या मावतात, किती पाणी, कुठल्या वाऱ्याला चालते, आत घेणारा माणूस कोण, त्याचा फोन. प्रत्येक खाडीचं एक पान, आणि ती पानं पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या मच्छीमार सोसायट्यांत लावायची. हे सांगताना त्यांची सुई एकदाही थांबली नाही. चार दिवसांत ऐकलेल्या सूचनांतली ही मला सगळ्यात पटलेली, आणि तिला जवळजवळ काहीच खर्च नाही.

मग बैठक ठरवायची वेळ आली आणि खरी परीक्षा सुरू झाली. आंजर्ले, हर्णै, आणि मैत्रिणीचा हट्ट म्हणून वेसवीचे फेरीबोटवालेही. पण शिमगा. कोणाचा तेरसेचा, कोणाचा भद्रेचा. ह्यांची पालखी उद्यापासून घरोघर, त्यांची परवा बाहेर पडणार. आणि पालखी दारात येणार असताना घरचा बाप्या बैठकीला? बायकांनी दारातूनच ठराव फेटाळला. रंगपंचमी उरकू दे, मग बघू. पण तेव्हा होड्या समुद्रात. चार माणसं, चार दिवस, चार नकार.

अंधार पडायला लागला होता. किनाऱ्यावर होळीचा खांब उभा करायला पोरं ओरडत होती. मी नुसती बसले होते, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, "अष्टमी धरा ना. आठ पाऊण सहा. भरती सकाळी सहाला, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. भांगाचं कमजोर पाणी, खाडीतून कोणाची होडी निघणार नाही. बाराला सगळे घरीच."

तांडेलांनी सुई खाली ठेवली. "तुम्हाला पाऊणकी कोणी शिकवली?"

"आजोबांनी. दिवेआगरचे."

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले, "पण ते समुद्रावरचं. खाडीत आत पाणी उशिरा येतं. इथे वाळूही आहे. सव्वाबारा धरा."

मैत्रिणीने सव्वाबारा लिहिलं.